मला काय पाहिजे ते कळत नाही, पण दिवस मात्र संपतो

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेल वाचता वाचता लक्षात आलं की सहा जणांनी सहा वेगवेगळ्या वयात, आपापल्या शब्दांत जवळपास एकच गोष्ट विचारलीय. मी हे सगळं करतोय ते कशासाठी, आणि कशासाठी तरी जगायचं ठरवलंच तर रोजच्या धबडग्यात ते बसवायचं कुठे? (एकाने विचारलं नाहीये, भांडलाय. पण तेही त्यातच आलं.) म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय, बाकीच्यांची पत्रं पुढच्या अंकात नक्की घेते, रुसू नका.

ताई, माझं वय ३६. नोकरी ठीक, घर ठीक, मुलगी सात वर्षांची, तब्येतही ठीक. तक्रार करावी असं काही नाही आणि तीच माझी तक्रार आहे. सोमवार कधी आला नि शुक्रवार कधी गेला कळत नाही. आजूबाजूला बघावं तर प्रत्येकाला काहीतरी पॅशन आहे, कुणी मॅरेथॉन पळतंय, कुणी स्टार्टअप काढतंय. मी दोन वर्षं माझा लाइफ पर्पज शोधतोय, दोन ऑनलाइन कोर्स पण झाले. सापडत नाही. शोधायचा कसा?
– सगळं ठीक

शोधणं बंद करा म्हटलं तर चालेल का? म्हणजे बघा ना, हरवलेली किल्ली शोधावी तसं तुम्ही शोधताय, की ती कुठेतरी आहेच, शेजाऱ्याला त्याची मिळाली आणि माझी तेवढी सापडत नाहीये. मला नाही वाटत हेतू असा कुठे पडलेला असतो. उलट मी म्हणेन की तुमच्या दिवसाला हेतू आत्ताही आहे, फक्त तो तुम्ही ठरवलेला नाही. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या जो अर्धा तास फोनमध्ये जातो तो कुणाच्या तरी फायद्यासाठीच जातो, ज्या मीटिंगला तुम्ही मान डोलवत बसता ती कुणाला तरी हवी असते म्हणूनच लागलेली असते. तेव्हा आधी नवीन काही शोधायच्या ऐवजी आहे तो दिवस कुठे जातोय ते बघा.

सात दिवस एक साधी वही ठेवा. रात्री झोपताना चार-पाच ओळी, आज वेळ कुठे गेला एवढंच. सुधारायचं काहीही नाही, स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, दुकानाचा हिशोब लिहितात तितक्या कोरडेपणाने लिहायचं. आठव्या दिवशी सगळं एकदम वाचा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, की हे मी केलं हे कुणाला कधीच कळणार नसतं, फोटो नाही, कौतुक नाही, तरी मी ते केलं असतं का? ज्या ओळींना हो येईल त्यांच्यापुढे खूण करा.

मी हे काही वर्षांपूर्वी केलं होतं आणि चांगलीच तोंडावर आपटले. मी स्वतःला वाचणारी बाई समजत होते, चारचौघांत तसं सांगायचे सुद्धा. सात दिवसांत वाचलेली पानं अकरा! आणि पुस्तकांचं कपाट आवरण्यात गेलेला वेळ साडेचार तास, लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावत होते. खूण आली ती भलत्याच ओळीवर, शेजारच्या मुलाला अपूर्णांक समजावले होते त्यावर, वीस मिनिटं. त्याला हेतूबितू म्हणायची मला लाज वाटली इतकी ती गोष्ट छोटी होती. पण खूण तर तिथेच आली होती ना, मग मी त्याला पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. आता तो मोठा झाला, पण त्यानंतर शिकायला कुणी ना कुणी येत राहिलं. कपाट अजून तसंच आहे.

आणि दुसरं म्हणजे, नोकरीवर काट मारायची घाई करू नका. एमी व्रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या दोन संशोधक बायकांनी २००१ साली एक लेख लिहिला, त्यात हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे. काम तेच, झाडू-पोछा तोच, पण काहीजण सांगायचे की आमचं काम फरशी पुसणं, बस्स, आणि काहीजण पेशंटशी दोन शब्द बोलायचे, वॉर्डात केव्हा काय चालू असतं ते बघून आपलं काम पुढेमागे करायचे, कारण त्यांच्या मते ते माणसं बरी करण्याच्या कामात होते. हे त्यांना वरिष्ठांनी करायला सांगितलेलं नव्हतं. आता याचा अर्थ साहेबाने पगार कमी दिला तरी हसत काम करा असा कुणी काढत असेल तर तो चुकीचा आहे आणि असा अर्थ काढणारे साहेब असतात हे मला माहितीय. माझा मुद्दा एवढाच की तुम्ही रोज जी फाइल किंवा जो रिपोर्ट पुढे ढकलता त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते एकदा जाऊन बघा. कदाचित कुणीच नसेल! मग तेही कळू दे, कारण तो रिपोर्ट बंद करा असं म्हणायला तरी तुम्हाला कारण मिळेल.

मुलगी सात वर्षांची आहे असं तुम्ही लिहिलंत, 'ठीक'च्या यादीत. वहीत ती कितीदा येते ते मोजा. बाकी मी काही बोलत नाही.

मी २८ वर्षांची. दर महिन्याच्या एक तारखेला नवीन टाइमटेबल करते. पाचला उठणं, व्यायाम, ध्यान, जर्नल, वाचन. चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं आणि मग महिनाभर स्वतःचा राग. माझ्यात इच्छाशक्तीच नाहीये का?
– एक तारीखवाली

इच्छाशक्तीचा विषय जरा बाजूला ठेव (तू म्हटलं तर चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे). तुझ्या यादीत पाच गोष्टी आहेत आणि एकीपुढेही 'कधी' आणि 'कुठे' नाही, पाचला उठणं सोडून. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली यावर एक गाजलेला लेख लिहिला. नुसतं 'मी व्यायाम करणार' ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' अशी सांगड घालणारे लोक ठरवलेलं जास्त वेळा पार पाडतात असं त्यांना दिसलं. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तरी फरक चांगला मध्यम ते मोठा निघाला. कारण साधं आहे गं, आयत्या वेळी ठरवायचं कामच उरत नाही. दात घासून ब्रश जागेवर ठेवला की तिथेच उभं राहून दहा श्वास मोजायचे, हे झालं ध्यान. ब्रश तुला आठवण करून देणार, तू स्वतःला आठवण करून द्यायची नाहीस.

आणि चौथ्या दिवशी बंद पडलं म्हणून संपलं हे कुणी सांगितलं तुला? फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला होता, एखादी छोटी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर. ते २१ दिवसांचं जे सगळीकडे फिरतं ना ते विसर. तिथे मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसागणिक आणि सवयीगणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक! त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं काही बिघडलं नाही. तू मात्र एक दिवस चुकला की थेट पुढच्या एक तारखेची वाट बघतेस, म्हणजे एका दिवसाच्या चुकीची शिक्षा २६ दिवस.

यादीतल्या चार गोष्टी खोड. कुठल्या ते तू ठरव, पण एक विचारू का, ते जर्नल तुला खरंच लिहायचंय का कुणाचं तरी सुंदर जर्नल बघून वाटलंय? कारण पत्रात बाकी सगळ्याबद्दल एकेक शब्द आहे आणि वाचनाबद्दल तू खाली ताजा कलम लिहून परत बोललीयस की लहानपणी रात्री चोरून वाचायचे. उत्तर तर तूच लिहून पाठवलंयस.

वय ४७. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. नोकरी सोडली. सगळे म्हणतात किती पुण्याचं काम करतेस, तुझ्या आयुष्याला केवढा अर्थ आहे. ताई, मला अर्थ दिसत नाही, मला झोप दिसते. मी वाईट आहे का?
– नाव नको

नाही. अजिबात नाही.

तुम्हाला मी हेतू वगैरे काहीही सांगणार नाहीये, तुम्हाला आधी सलग झोप हवीय. तीन वर्षं रात्री उठणाऱ्या बाईला 'अर्थ शोध' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. जो कोणी पुढच्या वेळी पुण्य म्हणेल ना, त्याला तिथल्या तिथे विचारा की मंगळवारी दुपारी दोन तास येऊन बसाल का? मंगळवार म्हणा, दोन तास म्हणा, 'कधीतरी मदत करा' म्हणू नका, कारण कधीतरी म्हटलं की लोक हो म्हणतात आणि येत नाहीत. दहातले आठ जण कारणं देतील. उरलेले दोन पुरतात. नवऱ्याला आणि नणंद-दीर असतील तर त्यांना हे विचारायचं नाहीच, त्यांचे वार लिहून भिंतीवर लावायचे, आई त्यांची आहे.

एक अभ्यास मात्र तुम्हाला सांगावासा वाटतो कारण तो तुमच्या घरातल्या दोघींनाही लागू पडतो. १९७६ साली एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात दोन मजल्यांवरच्या लोकांना वेगवेगळं वागवून पाहिलं. एका मजल्यावर सांगितलं की तुमच्या खोलीत काय कसं ठेवायचं, वेळ कसा घालवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप हवं असेल तर घ्या, पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की तुमची सगळी काळजी घेणं आमचं काम, रोप त्यांनाही दिलं पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त तरतरीत आणि हालतीबोलती दिसली. अभ्यास छोटाच होता. पण त्यावरून मला सुचतं ते असं की सासूबाईंना बोलता येत नसेल तरी मान हलवता येत असेल, पडदा उघडा की बंद, कूस ही की ती, रेडिओ की शांतता, हे त्यांना ठरवू द्या. जरा वेळ जास्त लागेल. आणि दिवसातली एक गोष्ट अशी ठेवा जी फक्त तुम्ही ठरवाल, कुणालाही न विचारता, तिचं कारण न सांगता. दार लावून दहा मिनिटं भिंतीकडे बघायचं असेल तर तेही चालेल.

आणि झोपायला मिळूनही झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, किंवा हे सगळं एकदाचं संपावं असं स्वतःबद्दल किंवा त्यांच्याबद्दल मनात येत असेल तर डॉक्टरांकडे स्वतःसाठी जा, त्यांचं औषध आणायला जाता तेव्हाच जाता जाता नको, वेगळं जा. असं मनात आलेल्या तुम्ही पहिल्या नाही.

मी १९. दिवसाचे पाच-सहा तास फोनमध्ये जातात, स्क्रीन टाइम बघून घाबरायला होतं. ॲप डिलीट करते, परत टाकते. काय करू?
– रील्सवाली

तुला एकच युक्ती देते, माझ्यावर करून बघितलेली. फोन उचलायच्या आधी तो कशासाठी उचलतेय ते मोठ्याने बोलायचं. खरंच मोठ्याने, घरात सगळे बघतील, बघू दे. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "पाऊस पडणार का बघायला", आणि चाळीस मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा मला एका अनोळखी बाईच्या मुलाच्या लग्नातल्या साड्या माहीत होत्या, एक मांजर पियानो वाजवतं ते माहीत होतं, आणि पावसाचं काहीच माहीत नव्हतं. पण बोलल्यामुळे निदान कळलं तरी की मी आले होते कशाला. आठवडाभराने "काही नाही, उगाच" असं म्हणायची वेळ यायला लागली आणि ते कानाला इतकं वेडगळ वाटायचं की निम्म्या वेळा हात मागे यायचा. निम्म्याच हं, मी काही संत नाही.

कंटाळा येतो म्हणून आपण फोन घेतो असं तू लिहिलंयस. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवरच विचारलं होतं की आत्ता काय करताय, मन तिथेच आहे का, आणि कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतं, आणि मन दुसरीकडे असताना लोक कमी खूश होते, हातातलं काम कंटाळवाणं असलं तरी. छान छान विचार करत असले तरी ते काही जास्त खूश नव्हते. म्हणजे कंटाळ्यातून पळून फार काही मिळत नाही बहुतेक. बस स्टॉपवर एकदा नुसती उभी राहून बघ.

हे हेतूपूर्वक जगणं, प्रत्येक क्षण सजगतेने वगैरे वाचून डोकं उठलंय. आम्ही आठवड्याचे सहा दिवस राबतो आणि सातव्या दिवशी लोळतो. तो पण गुन्हा आहे का?
– वैतागलेला

नाही हो. लोळा. मी पण लोळते आणि त्याला सेल्फ-केअर म्हणत नाही, लोळणंच म्हणते. फक्त लोळताना 'उठायला पाहिजे, उठायला पाहिजे' असं चालू असेल तर मग ना लोळणं झालं ना काम, तेवढं सांभाळा.

नमस्कार. मी ६४ वर्षांचा आहे, निवृत्त होऊन १४ महिने झाले. आयुष्यभर अकाउंट्समध्ये होतो. पेन्शन आहे, पत्नी तिच्या ग्रुपमध्ये रमलेली आहे. सकाळी जाग येते आणि लक्षात येतं की आज आपली कुणी वाट बघत नाहीये. सगळे म्हणतात छंद जोपासा. छंद आहे, जुने रेडिओ दुरुस्त करतो, टेबलावर तीन उघडून ठेवलेत, पण पूर्ण एकही होत नाही. घाई कसली आहे?
– एक निवृत्त वाचक

काका, तुमच्या पत्रातलं 'आपली कुणी वाट बघत नाहीये' हे वाक्य मी दोनदा वाचलं. छंद जोपासा म्हणणाऱ्यांना हेच कळत नाही की तुम्हाला वेळ घालवायला काहीतरी नकोय, तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल असं ठिकाण हवंय. ऑफिसने तुम्हाला पगाराबरोबर ते फुकट दिलं होतं, आणि जाताना काढून घेतलं.

जपानी लोकांत इकिगाय हा शब्द आहे, सकाळी उठावंसं वाटण्याचं कारण असा साधारण अर्थ. (त्याची ती चार वर्तुळांची आकृती सगळीकडे फिरते, ती जपानमधली नाहीच, पण ते असो.) तिकडच्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना विचारलं गेलं की तुमच्या आयुष्यात इकिगाय आहे का, आणि सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००८ साली निष्कर्ष छापून आले, नाही म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. आता आधीच आजारी असलेला माणूस 'नाही'च म्हणणार हे तुमच्यासारख्या हिशोबाच्या माणसाला लगेच सुचेल. संशोधकांनाही सुचलं होतं, त्यांनी वय, आजारपण, नोकरी अशा गोष्टींचा हिशोब वजा करून पाहिला तरी फरक उरला. त्यामुळे कारण आणि परिणाम छातीठोकपणे सांगता येत नसला तरी सकाळच्या त्या प्रश्नाला तुम्ही किरकोळ समजू नये असं मला वाटतं.

अकाउंट्सचं म्हणाल तर एखाद्या छोट्या संस्थेला, वाचनालयाला, सोसायटीला हिशोब नीट ठेवणारा माणूस सोन्यासारखा वाटतो, पण तिथे जायचंच तर 'वेळ मिळेल तसा येईन' म्हणून जाऊ नका, वार आणि तास बांधून घ्या. आणि एखाद्या दिवशी गेला नाहीत तर तुम्हाला फोन येतो का बघा. नसेल येत तर ती जागा बदला, तिथे तुमची गरज नाहीये, नुसता आदर आहे.

पण त्याही आधी ते रेडिओ. तीन उघडे पडलेत आणि घाई कसली असं तुम्हीच विचारताय, तर घाई नाही म्हणूनच ते होत नाहीयेत. ते तीन रेडिओ कुणाचे आहेत ते पत्रात कुठेच नाही. एखादा तरी दुसऱ्या कुणाचा असेलच, कुणीतरी माळ्यावरून काढून तुमच्याकडे आणून दिलेला. त्या माणसाला आज फोन करा आणि वार सांगा, कुठल्या वारी घेऊन येताय ते. आणि मला परत लिहा, खरखर गेली का त्याची.